कॅमेऱ्यावरची शाल

आमच्या विद्यापीठात व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची खोली सुरू झाली, तेव्हा तिची किल्ली माझ्या हातात आली. नुसती किल्लीच. माझी नेमणूक अकरा महिन्यांच्या करारावरची. अकरा महिने भरले की एक दिवस घरी बसायचं आणि नवी ऑर्डर निघायची वाट बघायची. तो एक दिवस कधी एका दिवसाचा असायचा, कधी तीन आठवड्यांचा. पण खोलीपुरती मी मालकीण होते आणि मालकिणीचा तोरा पुरेपूर मिरवत होते, हे आता कबूल करायला हरकत नाही.

खोली संगणक केंद्राच्या वरच्या मजल्यावर, जिन्याला लागून होती. खाली गालिचा, खिडक्यांना जाड निळे पडदे, मधोमध लांब टेबल आणि टेबलाच्या टोकाला भला मोठा टीव्ही. टीव्हीच्या डोक्यावर कॅमेरा बसवलेला. रिमोटचं बटण दाबलं की तो मान वळवायचा आणि पहिल्यांदा आलेला माणूस हमखास दचकायचा. टेबलावर चपटा, तिकोनी मायक्रोफोन होता. लोक त्याच्यावर चहाचा कप ठेवत. पलीकडे दिल्लीत कुणाच्या तरी कानात धाडकन आवाज व्हायचा आणि इकडे आमचे साहेब निवांत बिस्किट बुडवत असायचे.

चपला बाहेर काढाव्या लागत. हा नियम माझा. नव्वदच्या दशकात मी याच केंद्रात शिकायला होते, तेव्हा संगणक काचेच्या थंडगार खोलीत ठेवलेले असत आणि देवळात जावं तसं पायताण बाहेर काढून आत जावं लागे. धुळीनं यंत्र बिघडतं म्हणे. यंत्राला खरंच तसं काही होत होतं का, हे कुणी विचारलं नाही, मीही नाही. फक्त माझ्या हातात खोली आल्यावर मी तोच नियम लावला. एका अधिष्ठात्यांच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, ते सगळी बैठक एक पाय दुसऱ्या पायाखाली दडवून बसले. पुढच्या वेळी नवे मोजे घालून आले आणि माझ्याकडे बघून हसले नाहीत.

जोडणी टेलिफोनच्या लाइनींवरून व्हायची. तीन लाइनी एकत्र जुळल्या की चित्र धड हलायचं. एक गळाली की माणसं तुकड्यातुकड्यानं हलायची, दोन गळाल्या की नुसता आवाज आणि थिजलेला चेहरा. बोललेलं पलीकडे पोचायला क्षणभर वेळ लागे. तो क्षणभर कोल्हापूरच्या माणसाला सोसत नाही. प्रश्न विचारून उत्तर येईपर्यंत तो "हॅलो? ऐकू येतंय न्हवं?" असं दोनदा विचारून मोकळा. मग दोन्हीकडचे एकदम बोलायला लागत आणि एकदम गप्प होत. शिवाय गाव जितकं लांब तितका आवाज मोठा, ही ट्रंक कॉलच्या काळातली सवय. पुण्याशी बसून बोलणारे लोक दिल्ली लागली की उभे राहून ओरडत. मी गोडीनं सांगून बघितलं, रागावून सांगून बघितलं. शेवटी पाटी लावली, 'हळू बोलावे. यंत्रास ऐकू येते.' त्याखाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलं, 'आम्हास येत नाही.'

तर या खोलीत एकदा पीएच.डी.ची तोंडी परीक्षा घ्यायचं ठरलं. आमच्याकडे तशी ती पहिलीच. एरवी बाहेरगावचे परीक्षक स्वतः यायचे. त्यांना स्टेशनवरून आणायचं, अतिथिगृहात उतरवायचं, अंबाबाईचं दर्शन घडवायचं, तांबडा-पांढरा रस्सा खाऊ घालायचा, आणि मग विभागाच्या सभागृहात परीक्षा. तिला उमेदवाराचे आई-बाप, भाऊ-भावजय, गावचे सरपंचसुद्धा येत. शाल आणि नारळ आधी, प्रश्न नंतर. या वेळचे परीक्षक हैदराबादचे होते आणि दोनच दिवसांनी वर्षभरासाठी परदेशी निघाले होते. कोल्हापूरला येऊन जायला त्यांना सवड नव्हती. आत्ता परीक्षा झाली नाही, तर नवा परीक्षक नेमण्यापासून सगळं पुन्हा करावं लागणार होतं. म्हणून कुलगुरूंची खास परवानगी काढली होती.

उमेदवार बाई चंदगडकडच्या. तिकडच्या जुन्या भातांच्या जातींवर त्यांचा प्रबंध होता. जयसिंगपूरच्या बाजूला एका कॉलेजात त्या आठ वर्षं तासिकांवर शिकवत होत्या, म्हणजे तास घेतला तरच त्या दिवसाचं काही खरं. पुढच्या महिन्यात तिथली कायमची जागा भरणार होते. पदवी हातात असली तरच मुलाखतीत त्यांचा टिकाव लागणार होता. आणि त्या मुलाखतीला विषयाचे तज्ज्ञ म्हणून विद्यापीठाकडून जाणार होते ते त्यांचेच मार्गदर्शक सर. हेच सर आमच्या खोलीच्या समितीचे अध्यक्ष. माझ्या कागदावर 'काम समाधानकारक' असं लिहून सही करायचे, तेव्हा नवी ऑर्डर निघायची.

सर वाईट माणूस नव्हते. विद्यार्थ्याच्या लग्नाला चंदगडपर्यंत एसटीनं जाणारे, आजारी पडला तर डबा पाठवणारे. पण चारचौघांत कुणी त्यांची चूक काढली की संपलं. वर्षानुवर्षं ते लक्षात ठेवायचे, आणि लक्षात आहे हे समोरच्याला कळू द्यायचे.

आदल्या दिवशी मी चाचणी घेतली. बाई खुर्चीत बसल्या, बोलू लागल्या, आणि हैदराबादचा ऑपरेटर म्हणाला, आवाजच येत नाहीये. मी मायक्रोफोन पुढे सरकवला, तरी तेच. इतका बारीक आवाज मी कोल्हापूर जिल्ह्यात पहिल्यांदाच ऐकत होते.

"वर्गात कशा शिकवता हो?" मी जरा तिरकसच विचारलं.

"वर्गात येतो की आवाज, मॅडम," त्या म्हणाल्या. "हितं समोर माणूसच न्हाय. कुणाला बघून बोलायचं?"

मी त्यांना कॅमेरा दाखवला. म्हटलं, टीव्हीतल्या माणसाकडे बघू नका, बघितलंत तर त्याला तुम्ही मान खाली घालून बसल्यासारख्या दिसाल. वरच्या त्या काचेच्या डोळ्याकडे बघा. तोच तुमचा परीक्षक. त्यांनी मान डोलावली आणि परीक्षा असल्यासारखं ते वहीत लिहून घेतलं. मीही करारावरची आहे आणि पुढच्या आठवड्यात माझी नवी ऑर्डर निघायची आहे, हे बोलता बोलता मी त्यांना सांगून गेले.

परीक्षेच्या दिवशी त्या वडिलांना घेऊन आल्या. वडील एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि आवाज शेवटच्या सीटपर्यंत पोचेल असा. दारात आमच्या शिपायाशी जय भीम झाला, तो सगळ्या मजल्यानं ऐकला. चपला काढून, त्या नीट जोडून भिंतीशी ठेवून ते आत आले आणि टीव्हीसमोर उभे राहिले.

"बाई, आपुन हितं बसल्यालं तिकडं हैदराबादला दिसतंय व्हय?"

"दिसतं."

"आनि त्येंचं हितं?"

"हो."

"मग तिकीट कशाला काढायचं मानसानं," असं म्हणून ते मागच्या रांगेत जाऊन बसले. विभागातले पाच-सहा शिक्षकही आले. सर आले ते हातात कापडी पिशवी घेऊन. पिशवीतून नारळाची शेंडी बाहेर आलेली मला दिसली. मला वाटलं, कॅमेऱ्यासमोर धरतील, दाखवतील आणि बाजूला ठेवतील. शहाणा माणूस दुसरं काय करील?

ठरल्या वेळेला तिन्ही लाइनी एका दमात जुळल्या. असं क्वचितच व्हायचं. पडद्यावर परीक्षक आले. बारीक चणीचे, चष्म्याची दोरी गळ्यात, समोर प्रबंध उघडलेला. त्यांच्याकडची खोली दीड तासच आमच्यासाठी होती, नंतर तिथं दुसरी बैठक ठरलेली. त्यांनी नमस्कार केला. सर उठून उभे राहिले आणि म्हणाले, "प्रथम आपण पाहुण्यांचं स्वागत करूया."

पिशवीतून शाल निघाली. सर ती दोन्ही हातांवर उलगडत टीव्हीकडे निघाले, आणि त्यांच्या मनात काय आहे ते माझ्या लक्षात आलं. पाहुण्यांच्या खांद्यावर शाल घालतात. पाहुणे टीव्हीत होते. "सर, कॅमेरा!" हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले. टेबलाशी सगळा विभाग बसला होता. माझी ऑर्डर पुढच्या आठवड्यात निघायची होती. मी शब्द गिळले.

सरांनी शाल टीव्हीच्या डोक्यावर पांघरली, दोन्ही बाजूंना सारखी केली, पुढचं टोक जरा खाली ओढलं. कॅमेरा तिच्याखाली गडप. नारळ टीव्हीपुढे ठेवला. पिशवीतून पुष्पगुच्छही निघाला, त्याला तिथं जागा नव्हती, म्हणून तो टेबलावर सपाट जागा दिसली तिथं ठेवला, म्हणजे मायक्रोफोनवर. गुच्छाला चुरचुरणारा प्लास्टिकचा कागद होता. टाळ्या सुरू झाल्या. शालीच्या दोन टोकांमधून परीक्षकांचा चेहरा दिसत होता. आधी हसरा, मग गोंधळलेला, मग बाजूला वळून कुणाला तरी काही सांगणारा. ते काय म्हणतायत हे टाळ्यांत कुणाला ऐकू येईना. सर त्यांच्या संशोधनाचा गौरव करत होते. गौरव चालू असतानाच पडदा निळा झाला.

"गाडी बंद पडली व्हय?" मागून वडिलांनी विचारलं.

मी धावत जाऊन शाल ओढली, नारळ गडगडत खाली गेला. पुन्हा नंबर लावायला घेतला तर एंगेज. थोड्या वेळानं कळलं, तिकडचा ऑपरेटर आम्हाला लावत होता आणि आम्ही त्याला. दोघं एकमेकांना एंगेज. मी थांबले की तोही थांबायचा, मी लावलं की तोही लावायचा. अशी पंचवीस मिनिटं गेली. सर माझ्या मागे उभे राहून "बघा की लवकर" एवढंच म्हणत होते. बाई प्रबंधावर दोन्ही हात ठेवून निळ्या पडद्याकडे बघत होत्या. त्यांच्याकडे बघायचं धाडस मला होत नव्हतं.

शेवटी मी तिकडच्या कार्यालयात साध्या फोनवरून निरोप दिला, की तुम्ही लावू नका, आम्ही लावतो. दोन लाइनी जुळल्या. तिसरीचा नाद सोडला. परीक्षक दिसले, पण आता त्यांनी प्रबंध मिटलेला होता.

ते इंग्रजीत म्हणाले, पण मी अर्थ सांगते. म्हणाले, माझ्या समोर अंधार झाला आणि कानात नुसती खरखर, म्हणून आमच्या ऑपरेटरनं लाइन तोडून पुन्हा लावायला घेतली. आता तासभरच उरला आहे. इतक्या वर्षांच्या कामाची परीक्षा मी अशी तुटक घेणार नाही. नेमकं काय बिघडलं आहे?

"क्षमा असावी, सर," आमचे सर म्हणाले. "तांत्रिक अडचण. आमच्या ऑपरेटर मॅडमना अजून तेवढी सवय नाही. आणि हे यंत्रही मधूनमधून दगा देतं."

ते सहज बोलून गेले. त्यांनाही तेच खरं वाटत असेल, असं मी नंतर बरीच वर्षं स्वतःला समजावलं. पण शाल काढून मी त्यांच्याच हातात दिली होती. ती अजून त्यांच्या हातातच होती.

"मधूनमधून?" परीक्षक म्हणाले. "म्हणजे पुन्हा तुटणार. मग मला वाटतं, परीक्षा पुढे ढकललेली बरी. तसं मी विद्यापीठाला कळवतो."

पुढे ढकलणं म्हणजे नवा परीक्षक, म्हणजे वर्ष, म्हणजे ती कायमची जागा गेली. हे टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. आणि एका वाक्यात ते थांबवता येण्यासारखं होतं. यंत्र ठणठणीत आहे, एवढंच सांगायचं होतं. ते सांगायचं काम माझं, यंत्र माझं, आरोपही माझ्यावरच आलेला. चपलांवरून अधिष्ठात्यांना दारात अडवणारी मी, रिमोट हातात घेऊन त्याच्या बटणांकडे बघत राहिले.

बोलल्या त्या बाई. टीव्हीकडे न बघता वरच्या कॅमेऱ्याकडे बघून बोलल्या. आवाज बारीकच होता, पण एकेक शब्द सुटा होता.

"सर, यंत्र बिघडलेलं नाही. ऑपरेटरची चूक नाही. आम्ही तुमचा सत्कार केला. शाल कॅमेऱ्यावर पडली आणि फुलं मायक्रोफोनवर. आता दोन्ही काढली आहेत. पुन्हा तुटणार नाही."

'आम्ही' म्हणाल्या. एवढी सोय त्यांनी सरांसाठी ठेवली. पण सरांची मान ताठ झालेली मी बघितली, आणि बाईंनीही बघितली असणार, कारण सर आता त्यांच्या शेजारीच बसले होते. पुढच्या महिन्यात मुलाखतीच्या टेबलामागे कोण बसणार आहे, हे त्या क्षणी त्या विसरल्या असतील असं मला वाटत नाही.

बोललेलं पोचायला लागायचा तो क्षणभर वेळ लागला. मग परीक्षक हसले. आधी नुसते हसले, मग चष्मा काढून डोळे पुसत हसले. म्हणाले, शाल दाखवा मला. सरांच्या हातून ती घेऊन मी कॅमेऱ्यासमोर धरली. छान आहे, पोस्टानं पाठवा, म्हणाले, आणि त्यांनी प्रबंध उघडला.

परीक्षा झाली. लाइन एकदाही तुटली नाही. प्रश्न सोपे नव्हते. एक आकृती चुकीची काढली आहे असं त्यांनी दाखवून दिलं आणि बाईंनी ते मान्य केलं. मग त्यांनी विचारलं, हे बी तुम्हाला मिळालं कुठून, सरकारी यादीत तर या जाती नाहीत. तेव्हा बाई सांगू लागल्या की डोंगराकडच्या वाड्यांमधल्या म्हाताऱ्यांनी ते गाडग्यात राख घालून जपलेलं आहे, सणापुरतं पेरतात, मापटंभर तांदूळ होतो. एसटीच्या रूटवरच्या कुठल्या वाडीत कोण राहतं हे वडिलांना ठाऊक होतं, म्हणून ती घरं सापडली. इंग्रजीत बोलताना मध्येच गावांची नावं येत होती. प्रत्येक नावाला मागच्या रांगेतून वडील "बराबर" म्हणत. मी त्यांना गप्प बसायला सांगितलं नाही. एरवी नक्की सांगितलं असतं.

वेळ संपायला पाच मिनिटं असताना परीक्षक म्हणाले, मी समाधानी आहे. सही केलेला अहवाल खालच्या कार्यालयातल्या फॅक्सवर आला, तो शिपायानं वर आणला, सरांनी तो वाचून दाखवला आणि पदवीची शिफारस झाल्याचं जाहीर केलं. टाळ्या झाल्या. वडील उठून उभे राहिले.

"झाली न्हवं माझी पोरगी डाक्टर?" त्यांनी खोलीला विचारलं. मग खिशातला रुमाल काढला आणि तोंडावर धरून तसेच उभे राहिले. सरांनी त्यांच्या हातात हात दिला, सगळ्यांना चहाला यायला सांगितलं आणि बाईंशी एक शब्दही न बोलता बाहेर पडले.

पुढच्या महिन्यात ती मुलाखत झाली. जागा दुसऱ्याला मिळाली. खरं कारण मला माहीत नाही, दुसरा उमेदवार जास्त लायकही असेल. त्यानंतर आणखी तीन वर्षं त्या तासिका घेत होत्या, हे मात्र माहीत आहे. माझी ऑर्डर वेळेवर निघाली. त्या खेपेला तर मध्ये एकच दिवस घरी बसावं लागलं.

पण मला खटकतं ते त्या परीक्षेच्या दुपारचं. सगळे चहाला गेल्यावर मी खोली आवरायला थांबले. प्रत्येक जोडणीची नोंद एका रजिस्टरात करायची असे. कुठं जोडलं, किती वेळ, व्यत्यय आला का, आला तर का. आठवड्याच्या शेवटी त्यावर सरांची सही व्हायची. खोलीत कुणी नव्हतं, कुणी मला काही सांगत नव्हतं. व्यत्ययाच्या रकान्यात मी लिहिलं, 'तांत्रिक अडचण'. एवढं सगळं ऐकून, बघून, मी माझ्या हातानं तेच लिहिलं. लाज वाटली, आजही वाटते, पण हात अडला नाही.

बाई आपली पर्स विसरल्या होत्या, ती घ्यायला परत आल्या. रजिस्टर उघडंच होतं आणि शाई ओली होती. त्यांनी वाकून वाचलं. तोवर त्या मला मॅडम म्हणायच्या. या वेळी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे गं," त्या म्हणाल्या. "तुझी ऑर्डर निघायची हाय न्हवं अजून?"

मी ते खोडलं नाही.